बाप्तिझो : बुडण्याच्या एका क्रियापदाविषयी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात योसेफस या यहूदी इतिहासकाराने आपल्या लोकांचा प्राचीन इतिहास ग्रीक भाषेत लिहून काढला. त्यात यरीहोच्या राजवाड्यात झालेला एक खून आहे. हेरोद राजाने आपल्या बायकोच्या धाकट्या भावाला, अरिस्तोबुलसला, सतराव्या वर्षी महायाजक केले. मुलगा देखणा, जुन्या राजवंशातला आणि लोकांचा लाडका. सणाच्या दिवशी लोकांनी त्याचे जे कौतुक केले ते हेरोदाच्या डोळ्यांत सलले. इ.स.पू. 35 च्या सुमारास, उकाड्याच्या दिवसांत, राजवाड्यातल्या तलावात पोहणाऱ्या या मुलाला हेरोदाच्या माणसांनी खेळाच्या मिषाने पाण्याखाली दाबले आणि गुदमरून प्राण जाईपर्यंत वर येऊ दिले नाही. या दाबण्यासाठी योसेफसने वापरलेले क्रियापद आहे बाप्तिझो. त्याच ग्रंथात तीन खंड पुढे योहान नावाच्या एका सत्पुरुषाची हकीगत येते. तो लोकांना नीतीने वागा, देवाशी निष्ठा ठेवा आणि मग पाण्यात या, असे सांगे. त्याला लोक ‘बाप्तिस्तेस’ म्हणत, म्हणजे हेच क्रियापद करणारा. योहान ज्या यार्देन नदीत लोकांना उतरवीत असे, ती यरीहोच्या त्या तलावापासून काही मैलांवर वाहते.

एकाच लेखकाच्या हातून एकच क्रियापद खुनासाठीही येते आणि पापी माणसाच्या नव्या आयुष्यासाठीही येते. पुढच्या पानांत या क्रियापदाची वाक्ये शक्य तितक्या कालक्रमाने मांडली आहेत आणि प्रत्येकाखाली त्याचे मराठी विवरण दिले आहे. ही प्रस्तावना त्या वाक्यांकडे जाणारी वाट दाखवण्यापुरती आहे.

मराठी वाचकाला हा शब्द नामाच्या रूपाने ओळखीचा आहे. आपला ‘बाप्तिस्मा’ म्हणजे ग्रीक ‘बाप्तिस्मा’च, जवळजवळ अक्षरशः. इंग्रजीत त्याचा शेवटचा स्वर गळून गेला, मराठीने तो जपला. पण नाम आले आणि क्रियापद मागेच राहिले. मराठीत माणूस बाप्तिस्मा घेतो आणि पाळक बाप्तिस्मा देतात. देण्याघेण्याच्या व्यवहारात पाणी दिसेनासे होते. मूळ ग्रीक ऐकणाऱ्याला मात्र या शब्दात पाणी ऐकू येई, आणि ते पाणी नेहमीच शांत नसे. योहान यार्देनेत उतरण्याआधी हे क्रियापद चारशे वर्षे ग्रीकांच्या बोलण्यात वावरत होते. जहाजांनी, सैनिकांनी, कर्जदारांनी, दारू प्यालेल्यांनी, आजाऱ्यांनी ते वापरून वापरून घडवले होते. त्या प्रपंचातून ते धर्मात आले आणि येताना आपला सगळा भार घेऊन आले. माझे म्हणणे एवढेच आहे की हा भार आधी हातात तोलून पाहिल्याशिवाय धर्मग्रंथातली वाक्ये नीट उमगत नाहीत.

सुरुवात त्याच्या जनकापासून करावी लागते. ‘बाप्तो’ हे साधे, जुने क्रियापद. होमरच्या ओडिसी महाकाव्याच्या नवव्या सर्गात ते एका उपमेत येते. लोहार तापलेली कुऱ्हाड थंड पाण्यात घालतो, ती मोठ्याने चरचरते आणि लोखंडाला पाणी चढते. ओडिसियस एकडोळ्या राक्षसाच्या डोळ्यात तापलेला खांब खुपसतो तेव्हा डोळा तसाच चरचरला, असे कवी सांगतो. बाप्तो म्हणजे बुचकळणे. घागरीने पाणी भरणे हाही बाप्तो, आणि लोकर रंगात घालणे हाही बाप्तो. पुढे नुसते ‘रंगवणे’ एवढाच अर्थ त्याला चिकटला, आणि आजच्या ग्रीक भाषेत त्याचे वंशज क्रियापद रंगवण्यासाठीच वापरतात. या सगळ्या कामांत वस्तू आत जाते आणि बाहेर येते. आत घालण्याचा हेतूच बाहेर काढण्याचा असतो : कुऱ्हाड कडक होऊन, लोकर रंगून, घागर भरून.

‘बाप्तो’ला ‘इझो’ हा प्रत्यय लागला की ‘बाप्तिझो’ होते. जुन्या व्याकरणकारांपैकी काहींनी या प्रत्ययावरून ‘पुन्हा पुन्हा बुडवणे’ असा अर्थ काढला. मला तो पटत नाही, कारण उपलब्ध वाक्ये त्याला साथ देत नाहीत. जहाज पुन्हा पुन्हा बुडत नसते. प्रत्ययाने काय साधले ते वापरावरून दिसते. बाप्तिझोमध्ये पदार्थ पाण्याखाली जातो, पाण्याच्या ताब्यात जातो. तो पुढे वर येतो की नाही, याबद्दल क्रियापद स्वतः काहीच सांगत नाही. ते वाक्याने सांगायचे असते.

पोलिबियस या इतिहासकाराच्या लिखाणात आरमारी लढायांत जहाजे अशी पाण्याखाली जातात. योसेफस आपल्या आत्मचरित्रात रोमला जातानाचा प्रवास सांगतो. एड्रियाटिक समुद्राच्या मध्यावर त्यांचे जहाज बुडाले. जहाजावर सुमारे 600 माणसे होती. रात्रभर पोहून शेवटी 80 जण दुसऱ्या जहाजावर चढू शकले. क्रियापद तेच. जेरुसलेमवर रोमन संकट दाटले तेव्हा प्रतिष्ठित लोक बुडत्या जहाजातून उड्या माराव्यात तसे शहरातून निसटू लागले, असेही तो लिहितो. क्रियापद पुन्हा तेच. योसेफसने जहाज खरोखर बुडताना पाहिले होते, म्हणून ही दुसरी उपमा त्याच्या हातून नुसती सजावट म्हणून आलेली नाही.

याच्या उलट, पूर्ण न बुडणारी माणसेही या क्रियापदाची कर्ती होतात, आणि इथे वाचकाने थोडे थांबावे. इ.स.पू. 218 च्या डिसेंबरात हॅनिबलने त्रेबिया नदीकाठी रोमन सैन्याला सापळ्यात ओढले. रात्रीच्या पावसाने नदी फुगलेली, थंडी कडाक्याची, सैनिक उपाशी. पोलिबियस लिहितो की पायदळ छातीपर्यंत ‘बाप्तिझो’ होत कसेबसे पार गेले. भूगोलकार स्त्राबो अलेक्झांडरच्या सैन्याविषयी असेच सांगतो. लिशियाच्या किनाऱ्यावर, फासेलिस नगराजवळ, डोंगर थेट समुद्रात उतरतो. तिथे हिवाळ्यात सैनिक दिवसभर बेंबीपर्यंत पाण्यात चालत राहिले. ‘छातीपर्यंत’, ‘बेंबीपर्यंत’ असे शब्द लेखकांना मुद्दाम घालावे लागले, याचा अर्थ ते नसते तर वाचकाने माणूस पुरता खाली गेला असे समजले असते. तरी मर्यादा घालता येते हेही तितकेच खरे. मराठीत आपण ‘आकंठ बुडालेला’ म्हणतो आणि त्यात डोके वर आहे हे विसरून जातो. भाषेला अशा वेळी मोजपट्टी लागत नाही.

स्त्राबोचाच आणखी एक दाखला. सिसिलीत अक्रागासजवळ काही खारट तळी आहेत. ज्यांना पोहता येत नाही तीही माणसे त्यांत ‘बाप्तिझो’ होत नाहीत, लाकडासारखी वर तरंगतात. नकारातून अर्थ असा स्वच्छ दिसावा, याहून कोशकाराला आणखी काय हवे! आणि ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या नवलकथांच्या संग्रहात स्पेनजवळच्या समुद्रातला एक प्रदेश येतो. तो ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बाप्तिझो होतो. इथे जमीन कुठेही जात नाही. पाणीच तिच्यावर येते. म्हणजे वस्तू उचलून पाण्यात घालण्याची क्रिया या शब्दाला अनिवार्य नाही. खाली जाणे महत्त्वाचे. कोण हलले, वस्तू की पाणी, हा प्रश्न दुय्यम.

नियम फार घट्ट करू पाहणाऱ्याला प्लुटार्क अडवतो. अलेक्झांडरचे सैन्य भारतातून परतताना कार्मानियातून मौजमजा करत गेले. वाटेत मोठमोठे रांजण मांडलेले. सैनिक त्यांत पेले बुडवून मद्य काढीत आणि एकमेकांना पाजीत. इथे प्लुटार्क बाप्तिझो वापरतो, जिथे बाप्तो सहज चालले असते. याच प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात अथेन्सविषयीची एक भविष्यवाणी दिली आहे : फुगवलेली कातडी पिशवी लाटांखाली जाईल, पण तळाला जाणे तिच्या नशिबी नाही. ‘खाली जाईल’साठी बाप्तिझो, ‘तळाला जाणे’ यासाठी दुसरे क्रियापद, दुनो. दुनो म्हणजे अस्तास जाणेही. सूर्य मावळतो त्याला ग्रीक हेच क्रियापद लावतात. मराठीत सूर्यही बुडतो आणि जहाजही बुडते, दोन्ही एकाच शब्दात. म्हणून या ओळीचे मराठी करताना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात.

या क्रियापदाची लाक्षणिक बाजू मला सर्वांत श्रीमंत वाटते, आणि मराठी वाचक तिथे उपरा राहत नाही. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये कवी अगाथोनच्या नाट्यविजयानिमित्त मेजवानी आहे. आदल्या रात्री सगळ्यांनी भरपूर ढोसलेली. आज जरा बेताने घेऊ या, असे एक जण सुचवतो. नाटककार ॲरिस्टोफेनिस त्याला दुजोरा देतो : काल जे बुडाले होते त्यांतला मीही एक. कशात बुडाले, हे तो सांगत नाही. सांगायची गरज पडत नाही, इतका हा वापर इ.स.पू. चौथ्या शतकात रुळलेला होता. प्लुटार्कच्या गाल्बाच्या चरित्रात रोमचा भावी सम्राट ओथो पाच कोटींच्या कर्जात बुडालेला आहे. हे वाक्य मराठी करताना काहीच करावे लागत नाही. ‘कर्जात बुडालेला’ हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत. हिप्पोक्रेतिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यकग्रंथांत एक रुग्ण स्त्री पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास घेतो तसा श्वास घेते. ही नोंद करणारा वैद्य रुग्णापाशी बसला होता, हे त्या एका क्रियापदावरून कळते.

प्लेटोचा दुसरा दाखला ‘युथिडेमस’ या संवादातला. युथिडेमस आणि डायोनिसोडोरस हे दोघे भाऊ शब्दांच्या कसरती करणारे वादपटू. क्लाइनियस नावाच्या कोवळ्या मुलाला ते प्रश्नांत असे गुंतवतात की त्याने ‘हो’ म्हटले तरी हार, ‘नाही’ म्हटले तरी हार. सॉक्रेटिसला दिसते की पोरगा बुडतो आहे. तो मध्ये पडून त्याला उसंत देतो. इथे ग्रीक व्याकरणाकडे लक्ष द्यायला हवे. क्लाइनियससाठी प्लेटोने वर्तमानकाळाचे धातुसाधित घातले आहे, ‘बाप्तिझोमेनोन’ : बुडत चाललेला, नाकातोंडात पाणी जात असलेला, पण अजून हात दिला तर वर येईल असा. ओथोचे कर्ज आणि ॲरिस्टोफेनिसची रात्र यांना मात्र पूर्ण रूप लागले आहे, ‘बेबाप्तिस्मेनोस’ : बुडून गेलेला, बुडालेल्या स्थितीत असलेला. ग्रीक क्रियापदाची रूपे काळाइतकीच अवस्थाही दाखवतात. पुस्तकातली विवरणे वाचताना ही दोन रूपे वेगळी ओळखता आली तर अर्धे काम झाले. सॉक्रेटिसचे मध्ये पडणे त्या वर्तमान धातुसाधितामुळेच शक्य होते.

आता यहूदी जगाकडे येऊ. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहूद्यांनी आपली इब्री शास्त्रे ग्रीकात आणायला घेतली. त्या भाषांतरात हे क्रियापद फार थोड्या ठिकाणी येते, पण येते ते महत्त्वाच्या जागी. अरामी सेनापती नामान कोडाने ग्रस्त आहे. अलीशा संदेष्टा त्याला यार्देनेत सात वेळा स्नान करायला सांगतो. आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून तो आधी फणफणतो, मग उतरतो. इब्रीतला ‘बुचकळला’ हा शब्द इथे ग्रीकात बाप्तिझो झाला. यशयाच्या ग्रंथात अधर्म संदेष्ट्याला बुडवतो, तिथे पाण्याचा थेंबही नाही. यहुदीथ नावाची विधवा शत्रूच्या छावणीत असताना रोज रात्री झऱ्यावर जाऊन स्नान करते. आणि सिराखच्या सुभाषितांत, प्रेताला शिवल्यावर जो शुद्धीचे स्नान करतो आणि पुन्हा प्रेताला शिवतो त्याला त्या स्नानाचा काय उपयोग, असा प्रश्न आहे. मर्तिकाहून आल्यावर सचैल स्नान केल्याशिवाय घरात पाऊल न टाकणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना सिराखचे बोलणे विवरणाशिवाय कळले असते.

या यहूदी स्नानांत एक गोष्ट समान आहे. माणूस स्वतःच पाण्यात उतरतो. नामान उतरला, यहुदीथ उतरली, त्यांना कोणी बुडवले नाही. दुसऱ्याला पाण्याखाली नेणारा माणूस कर्ता म्हणून येतो तो यरीहोच्या तलावावर, खून करताना. म्हणूनच योहानाला पडलेले नाव, बाप्तिस्तेस, माझ्या मते त्या काळी कानाला खटकले असले पाहिजे. स्नान करणारे पुष्कळ होते. स्नान घडवणारा, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पाण्यात नेणारा, हा नवा प्रकार होता. पाण्याखाली जाताना आपला जीव दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. योहानाकडे येणारे लोक तो देत होते. मार्क त्याला नुसते ‘बाप्तिझो करणारा’ असेही म्हणतो. आणि ‘बाप्तिस्मा’ हे नाम ख्रिस्ती लिखाणाआधी कुठे आढळत नाही. नवीन कृतीला नवीन नाम लागले.

नव्या करारात हे क्रियापद सत्तरहून अधिक वेळा येते आणि त्याच्या छटा एकसारख्या नाहीत. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू यार्देनेत बाप्तिस्मा घेतो आणि लगेच पाण्यातून वर येतो. इथे वर येणे वेगळ्या क्रियापदाने सांगितले आहे. लूकमध्ये एका परूश्याला आश्चर्य वाटते की येशूने जेवणाआधी ‘बाप्तिझो’ केले नाही. तिथे अर्थ जेवणापूर्वीच्या धर्मशुद्धीचा आहे, आणि ती बहुधा हात धुण्याचीच. इथे ‘पूर्ण बुडणे’ हा अर्थ हट्टाने लादणाऱ्यांना वाक्य वाकवावे लागते. पौल रोमकरांना लिहिताना बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो. पुरणे आणि बुडणे एकत्र आणण्याचे धाडस त्याला करता आले, कारण ऐकणाऱ्यांच्या कानात बुडालेली जहाजे आणि बुडालेली माणसे आधीपासून होती. नुसत्या आंघोळीच्या शब्दावर त्याला ही इमारत उभारता आली नसती. ग्रीकात आंघोळीसाठी ‘लुओ’ हे घरगुती क्रियापद होतेच.

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘दिदाखे’ या छोट्या मंडळी-पुस्तिकेत सूचना आहेत : वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड शक्य नसेल तर कोमट पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. ‘ओता’ यासाठी वेगळे क्रियापद आहे, पण सगळ्या कृतीला नाव बाप्तिस्म्याचेच राहते. ज्यांना ग्रीक चांगली अवगत होती त्यांनीच हे लिहिले. शब्दाचा मूळ अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि अडचणीच्या वेळी विधी त्या अर्थाहून मोठा असू शकतो हेही. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी आजही तान्ह्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्या जगात या क्रियापदावरून ग्रंथांचे ढीग रचले गेले. आयरिश बॅप्टिस्ट अलेक्झांडर कार्सनने ठासून सांगितले की या शब्दाचा अर्थ सदैव बुडवणे आणि फक्त बुडवणे. प्रेस्बिटेरियन जेम्स डेलने 1867 पासून अनेक खंड लिहून उलट बाजू मांडली : हा शब्द कृती सांगतच नाही, बदललेली अवस्था सांगतो. अमेरिकन बॅप्टिस्ट विद्वान थॉमस कोनंटने ग्रीक साहित्यातली वाक्ये शोधून एकत्र मांडली. त्याचा निष्कर्ष त्याच्या पंथाला सोयीचा होता, पण वाक्ये वाक्येच असतात, आणि वाचकासमोर ती ठेवण्याची त्याची पद्धत मी पत्करली आहे. डेलची मांडणी लांबट आणि कुठे कुठे ओढून ताणून केलेली असली, तरी भरतीच्या पाण्याखाली जाणारा किनारा त्याने नीट पाहिला. कार्सनला तो नीट हाताळता आला नाही. दोघांनीही एकाच अर्थाने सगळी दारे उघडू पाहिली, म्हणून दोघांच्याही हाती काही दारे बंद राहिली.

हा वाद आपल्या दारातही आला होता. विल्यम केरी आणि त्याचे सहकारी श्रीरामपूरहून बंगाली, मराठी आणि इतर अनेक भाषांत बायबल छापत होते, आणि ते बॅप्टिस्ट होते. 1830 च्या दशकात येट्स आणि पिअर्स या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या बंगाली नव्या कराराला पैसे द्यायला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने नकार दिला, कारण भाषांतरात ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द होता. सगळ्या पंथांना चालेल असा शब्द घाला किंवा ग्रीक शब्द तसाच ठेवा, ही तिची अट. अमेरिकेतही 1836 मध्ये याच बंगाली प्रतीवरून बायबल सोसायटीत फूट पडली आणि बॅप्टिस्टांनी वेगळी संस्था काढली. इंग्लंडात 1840 मध्ये तशीच एक निराळी संस्था उभी राहिली. एका ग्रीक क्रियापदाला बंगालीत काय म्हणावे यावरून दोन खंडांतल्या संस्था फुटल्या. बंगालीतला ‘डुब’ आणि आपला ‘बुड’ हे एकाच अक्षरजोडीचे उलटसुलट भाऊ आहेत, त्यामुळे हा प्रश्न मराठीलाही लागू होता.

मराठीत ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द स्थिरावला. कॅथलिक परंपरेने ‘स्नानसंस्कार’ हा सुंदर शब्द घडवला. वसईच्या लोकांना तो आपला वाटतो, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे तो इतर वाचकांच्याही कानावर गेला. ‘बुडवणे’ मात्र कोणीच पत्करले नाही, आणि मला त्यामागे पंथभेदाखेरीज एक भाषिक कारण दिसते. मराठीत बुडणाऱ्या गोष्टींची यादी काढून पाहावी : पैसे, रोजगार, शाळा, पेढी, कूळ, धर्म. ‘बुडवणारा’ म्हणजे आपल्याकडे देणे चुकवणारा. त्यात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयी घरचे लोक म्हणत की त्याने कूळ बुडवले, धर्म बुडवला. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरावर काय कोसळले ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकाला ठाऊक आहे. अशा वेळी विधीलाच ‘बुडवणे’ म्हटले असते तर आरोप आणि संस्कार यांना एकच शब्द झाला असता. परका शब्द तसाच ठेवण्यात शहाणपण होते. पुढे 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची धारणा होती. तोवर हा शब्द मराठीत दोन प्रकारच्या माणसांना वेगळे करणारी रेघ झालेला होता, हे त्यावरून कळते.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण छापून निघाले. एका मराठी बाईने मूळ भाषांशी थेट भिडून, इंग्रजीची मध्यस्थी नाकारून हे काम पुरे केले, हे आठवले की या छोट्या पुस्तकाला बळ येते. शब्दांशी असे झगडणे आपल्याकडे नवे नाही.

मग या पुस्तकात मी काय केले आहे? जिथे विधी आहे तिथे ‘बाप्तिस्मा’ ठेवला. जहाज, कर्ज, मद्य, पूर, प्रश्न यांच्याबरोबर ‘बुडणे’ घेतले. पोलिबियस आणि स्त्राबोच्या सैनिकांसाठी ‘पाण्यात जाणे’, परूश्याच्या जेवणासाठी ‘शुद्ध होणे’. प्रत्येक ठिकाणी मूळ रूप देवनागरीत दिले आहे, म्हणजे माझी निवड पटली नाही तर वाचकाला दुसरी करता यावी.

दोन ठिकाणी मात्र मी प्रचलित भाषांतरांपासून जाणूनबुजून दूर गेलो आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की मला एका बाप्तिस्म्यातून जायचे आहे आणि तो पुरा होईपर्यंत माझा जीव कोंडतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात जब्दीचे दोघे मुलगे, याकोब आणि योहान, वैभवात त्याच्या उजव्या-डाव्या हाताला बसायला मागतात. तो विचारतो : मी पितो तो प्याला तुम्ही प्याल काय, मी घेतो तो बाप्तिस्मा घ्याल काय? मराठी वाचक इथे संस्काराकडे पाहतो आणि वाक्याचा धाक निघून जातो. येशूचा यार्देनेतला बाप्तिस्मा तर केव्हाच झालेला होता. इथे ग्रीकात वर्तमानकाळ आहे, सॉक्रेटिसने पाहिलेल्या मुलासारखा : मी बुडत चाललो आहे. म्हणून मी तिथे ‘मी बुडतो आहे त्या पाण्यात तुम्हीही बुडाल काय’ असे केले आहे. ते दोघे लगेच म्हणतात, होय, बुडू. त्यांतल्या याकोबाला इ.स. 44 च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाने तलवारीने मारले. पुढच्या दोन शतकांत, पाण्याचा संस्कार होण्याआधीच विश्वासापायी ज्यांना ठार केले गेले त्यांचा तोच बाप्तिस्मा झाला, असे मंडळी मानू लागली. उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियनने त्याला रक्ताचा बाप्तिस्मा म्हटले, आणि त्यासाठी लूकमधल्या याच वाक्याचा आधार घेतला. त्याचे लिखाण लॅटिनमधले, म्हणून ते या पुस्तकात नाही. त्याच्याआधीची आणि नंतरची ग्रीक वाक्ये शेवटच्या प्रकरणात आहेत.